न दिसलेली चीर

गॅसच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात हेमलता गुरव वेल्डिंगचे सांधे तपासायची. तिथले मॅनेजर राजोपाध्ये म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी सांध्यावर चुंबक एकाच दिशेने लावला, लोखंडाची भुकटी टाकली आणि फर्मावलं, "भुकटीत दिसत नाही, म्हणजे चीर नाहीच. कर सही!"

हेमलताने तळाला उभी आणि आडवी चीर कोरलेली तपासणीची चकती सांध्यावर ठेवली. चुंबकाची दिशा तीच ठेवली, तर भुकटीत फक्त उभी रेघ उमटली.

"साहेब, आडवी दिसत नाही, म्हणजे नाहीच ना? मग चकती उलटून बघा."

राजोपाध्यांनी चकती उलटली. तळाला आडवी चीर कोरलेली होतीच. हेमलताने चुंबक दुसऱ्या दिशेने लावून भुकटी टाकली, तशी सांध्यावर वीतभर चीर उमटली.

ती टाकी बाहेर जायची थांबली. संध्याकाळी हेमलताला गोदामात बदली झाल्याचा कागद मिळाला. कारण लिहिलं होतं, उद्धटपणा.