शिगेचा कायदा

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता, आणि सुवेणी नावाची त्याची एकुलती लेक होती. त्याच राज्यात पेठेच्या तोंडाला रेवण वाण्याचं दुकान होतं. दुकानात त्याची बायको मल्लव्वा होती आणि आढ्यावर एक साळुंकी होती. साळुंकी माणसासारखी बोले. नवराबायकोच्या पोटी लेकरू नव्हतं, एवढंच काय ते दुःख.

त्या पेठेची एक रीत होती. मापटं काठोकाठ भरलं, की त्यावर ओंजळीनं धान्य सोडायचं, वर निमुळता ढीग उभा राहीपर्यंत. त्या ढिगाला शीग म्हणत. माप विकायचं, शीग द्यायची. शिगेचा दाम कोणी घेत नसे. गरिबाघरची संध्याकाळची भाकर त्या शिगेचीच असे.

पुढं काय झालं, सुवेणी अंथरुणाला खिळली. उठेना, बोलेना. परमुलखातून एक जादूगार आला आणि म्हणाला, "राजा, पेठेची शीग माझ्यासाठी तुझ्या कोठारात साठव. मी तुझ्या लेकीचा श्वास राखतो."

बापच तो. त्यानं कायदा केला. मापावरून काठी फिरवावी, माप सपाट करावं, काढलेली शीग राजाच्या कोठारात टाकावी. जो गिऱ्हाइकाला शीग देईल, त्याचा दगड होईल.

कोठारात पडलं की ते धान्य सोन्याचं होई. त्याची भाकर होत नसे. राज्यातल्या चुली संध्याकाळच्या पेटेनाशा झाल्या, आणि महालात सुवेणीची छाती हलत राहिली.

एके दिवशी एक ओली बाळंतीण रेवणाच्या दुकानी आली. पदर पसरून म्हणाली, "रेवणदादा, अंगावर दूध उतरत नाही हो."

रेवणानं काठी खाली ठेवली.

"अहो, कायदा!" मल्लव्वा ओरडली.

"ठाऊक आहे गं. हात ऐकत नाही."

त्यानं शीग चढवली, माप बाळंतिणीच्या पदरात ओतलं, आणि रितं मापटं मुठीत धरून उभ्या उभ्या दगड झाला.

पेठ गोळा झाली. वाण्यांत थोरले धोंडप्पा शेटजी म्हणाले, "मल्लव्वा, पेठेच्या वतीनं दरबारात तू बोल. हा कायदा मागं घ्यायला लाव."

"मी? आणि तुमची एवढाली पागोटी कशासाठी?"

"पागोट्याखाली डोकं असतं, बाई. ते जाईल."

"आणि माझं?"

शेटजींनी मान खाली घातली. "तुझं जायचं ते गेलंय."

मल्लव्वा दरबारात गेली. राजाशेजारी जादूगार बसला होता. तो म्हणाला, "कायदा उठवायचा, तर बोलणारानं तीन गोष्टी आणाव्यात. जो विकत नाही आणि विकत घेतही नाही, असा साक्षीदार. ज्यानं कधी कोणाला कमी दिलं नाही, असं माप. आणि त्या मापावर उभी राहिलेली, कोठारातल्या सोन्याची शीग."

पहिली गोष्ट घरातच होती. साळुंकी म्हणाली, "मी सांडलेलं खाते. ना गिऱ्हाईक, ना वाणी. पण मी खरं बोलले तर राजा रडेल."

"रडू दे. मी रोज रडते."

मग मल्लव्वा मापासाठी पेठ फिरली. धोंडप्पांनी आपलं मापटं पुढं केलं आणि परत ओढून घेतलं. "नको गं. दुष्काळात यात अंगठा घालून मोजलंय." शेजारचा म्हणाला, "माझ्याच्या तळाला मेण आहे." कोणी दुकानाची फळीच ओढून घेतली. साऱ्या पेठेत एकच माप उरलं. ते रेवणाच्या मुठीत होतं.

पाथरवट आला, त्यानं मूठ पाहिली, छिन्नी मल्लव्वाच्या हाती दिली आणि तोंड फिरवून बसला.

"अहो, सोडा ना," मल्लव्वा आधी म्हणाली. दगड कुठं ऐकतो? तिनं डोळे उघडे ठेवून तीन बोटं फोडली. माप सुटलं. बोटांचे तुकडे तिनं पदराच्या गाठीत बांधले.

कोठारात राजा, जादूगार आणि सारा दरबार जमला. मल्लव्वानं सोन्याचे दाणे मापात भरले. काठापर्यंत आले, पण शीग चढेना. दाणे घसरून घसरून खाली पडत. जादूगार हसला.

तेवढ्यात साळुंकी मापाच्या काठावर येऊन बसली. "राजा, मी तुझ्या लेकीच्या खिडकीत बसत असते. तिच्या ओठावरून मुंगी जाते, ती झटकत नाही. तुझी लेक पहिल्याच दिवशी गेली. हलते ती नुसती छाती."

जादूगार गरजला, "खोटं!"

राजा हळू म्हणाला, "मला ठाऊक होतं. तिचे पाय मी रोज हातात धरतो. गार असतात." मग मल्लव्वाकडे वळला. "पण कायदा उठवला, की छातीही थांबेल."

"थांबेल, महाराज. माझ्याही घरी एक थांबलीय." मल्लव्वानं पदराची गाठ सोडली, दगडी बोटं बाजूला ठेवली आणि पदर पसरला. "शीग उभी राहते ती समोर कोणाचा तरी पदर असतो म्हणून. मी पदर धरते. हात तुमचा लागेल."

राजानं ओंजळ भरली. त्यानं मापावर दाणे सोडले, सोडले, आणि शीग उभी राहिली. माप उलटं केलं तसं मल्लव्वाच्या पदरात जोंधळे पडले, पिवळे, उबदार. कोठारातल्या साऱ्या सोन्याचे जोंधळे झाले. जादूगाराचा भुसा झाला आणि दारातून उडून गेला.

महालातून दासीचा आक्रोश ऐकू आला. राजानं तो ऐकला आणि तरीही कायदा उठवला. "शीग प्रजेची. आजपासून मापाचा कायदा पेठेला विचारल्यावाचून होणार नाही."

मल्लव्वा लगेच घरी गेली नाही. सुवेणीला आई नव्हती. मल्लव्वानं तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, मग पेठेची वाट धरली.

दगडाचा पुन्हा माणूस झालेला रेवण पायरीवर बसला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं. "बोटं कोणी तोडली गं?"

"मी."

त्यानं फडक्याची गाठ दातानं घट्ट केली. "माप मिळालं?"

"मिळालं."

"मग बस जरा. दमली असशील."

वर्ष सरलं आणि त्या घरी लेक झाली. बारशाला राजा स्वतः पाळणा घेऊन आला. नाव काय ठेवू, असं कोणी विचारलंच नाही. मल्लव्वानं बाळाच्या कानात सुवेणी म्हटलं, आणि राजानं उपरण्यानं डोळे टिपले. रेवणानं उरल्या बोटांनी साऱ्या पेठेला माप भरभरून वाटलं. तुटल्या बोटांच्या फटीतून दाणे सांडत होते, ते साळुंकी टिपत होती. आणि पाळण्यात लेक पाय झाडत होती, उबदार, इवलेसे पाय.