मेहुणकड्याचा दोर

वारूळ म्हणजे नागाचे बीळ, असा समज रूढ आहे. तो अचूक नाही. वारूळ हे वाळवीचे घर. नाग तेथे मागाहून वस्तीला येतो. हा भेद ध्यानात ठेवला, तरच मेहुणकड्याची कथा नीट कळते.

कड्याच्या माथ्यावर अंजनीच्या झाडाला एक दोर टांगलेला दिसतो. तो जमिनीला टेकू देत नाहीत. त्यामागची हकिकत खालच्या वाडीतले वृद्ध सांगतात ती अशी.

बुधा दोराने कडा उतरून आग्यामोहोळ काढी. वर दोर धरी त्याचा मेहुणा चाहू. बहिणीच्या कुंकवाची काळजी ज्याला, त्यानेच दोर धरावा, अशी रीत. भय असे ते आग्यामाश्यांचे. त्या उघड्यावर राहतात. माणूस जवळ येताच पोळ्यावर लाट उसळते, गुणगुण चढते. त्यांचा राग आधी कळतो. त्यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून एका वर्षी वाडीने दोर तीन दिवस वारुळावर, नागदेवाच्या पायाशी ठेवला.

वाळवीचे जगणे निराळे. उजेड तिला सोसत नाही. जाईल तेथे ती मातीचे छत सोबत नेते, आणि वस्तूचे वरचे रूप राखून आतले खाते. चौथ्या दिवशी दोर मातीने मढलेला निघाला. देवाने अंगारा लावला, म्हणून सर्वांनी ती माती कपाळी लावली. चाहूच्या हाताला मात्र दोर हलका लागला, म्हणे.

"दाजी, आज नको. दुसरा दोर वळू."

"देवाचा दोर हलका लागतो व्हय रं?" बुधा म्हणाला. "का बहिणीला माहेरी न्यायचीय? ने की! एका बसणीला चार भाकरी खाते ठमी!"

सगळे हसले. चाहूही हसला. देवावर संशय घेतला असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने दोर कमरेला गुंडाळला आणि बुधाला खाली सोडले.

अर्ध्या कड्यावर दोर तुटला. हाती उरलेल्या टोकातून पांढुरके किडे चाहूच्या तळहातावर उतरले, आणि उजेड चुकवीत बोटांच्या बेचक्यांत शिरू लागले.

पुढल्या वर्षी चाहूने नवा दोर वळून झाडाला टांगला, आणि विचारणाऱ्यांना खरे कारण सांगितले. आजही उतरण्यापूर्वी मेहुणा दोराचा प्रत्येक पदर उकलून पाहतो. तो नको म्हणाला, तर कोणी उतरत नाही, हसतही नाही.

आग्यामाश्यांनी दोर तोडला, असे सर्वत्र सांगतात. ते चूक आहे. बुधाच्या अंगावर एकही डंख नव्हता. माश्यांनी दोर तोडला, हे वाक्य चाहूने त्या संध्याकाळी बहिणीला सांगितलेले आहे.