महाराजांची बैठक आणि हैबतीची बकुळ

शिलापूरच्या भानजीराव महाराजांचं नाक एका बाजूने भाजलं, आणि सगळं तिथून सुरू झालं.

महाराजांनी राजबागेत बसण्यासाठी काळ्या दगडाची बैठक घडवून घेतली होती. ती बकुळीच्या झाडाच्या पश्चिमेला मांडली. इतकी जड, की मांडणाऱ्यांनी पुन्हा तिला हात लावणार नाही अशी शपथच घेतली. सकाळभर तिच्यावर गडद सावली असायची. महाराज जेवून तिथेच आडवे झाले. जाग आली तेव्हा सावली झाडाच्या पलीकडे पूर्वेला निघून गेली होती आणि महाराजांचं अर्धं तोंड लालबुंद झालं होतं.

"हे झाड बेइमान आहे," महाराज म्हणाले. "तोडा."

कुऱ्हाड आणायला माणूस धावला, तर मध्ये गेणू माळी आडवा उभा. ती बकुळ त्याच्या थोरल्या भावाने, हैबतीने लावली होती. हैबती या बागेचा मुख्य माळी. गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. तेव्हापासून गेणू त्या झाडाला रोज पाणी घालायचा. पाऊस पडत असला तरी घालायचा.

गेणू आधी बोलायचा आणि मग विचार करायचा. "झाडाचं काय चुकलं?" तो म्हणाला. "ऊन फिरतं तशी सावली फिरते. उन्हावर महाराजांचा हुकूम चालत नाही, म्हणून झाडावर राग काढायचा?"

महाराजांनी भाजलेलं नाक चोळलं.

"बरं. मग तूच थांबव त्या सावलीला. येत्या सोमवारी मी सकाळी या बैठकीवर बसेन आणि दिवस मावळला की उठेन. तोवर मला ऊन लागता कामा नये. छत्री नाही, मांडव नाही, दुसरं झाड नाही. बैठक जागची हलवायची नाही. जमलं तर झाड राहील. नाही तर याच लाकडावर माझ्या अंघोळीचं पाणी तापेल, आणि बंबात ढलप्या तू घालायच्या."

गेणू झाडाला टेकून बसला. दुपारी त्याची वहिनी भाकरी घेऊन आली, पण त्याने तिचं फडकंही सोडलं नाही.

"भावजी, तुम्ही निदान लगेच सापडलात," वहिनी म्हणाली. "तुमच्या दादांसाठी मला झाडाला फेरा घालावा लागायचा. झोपायचे या अंगाला, सापडायचे त्या अंगाला. झोपेतच सरकायचे सावलीमागे." आणि ती हसली. हैबती गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

गेणू ताडकन उठला. भाकरी तिथेच राहिली.

त्याने शहरातल्या घराघरांतून बसण्याजोगा एकेक दगड मागितला. कुणी धुण्याचा दगड दिला, कुणी मोडका उंबरा. महाराजांचं काम म्हणून पहारेकऱ्यांनी लोकांना दगड घेऊन आत सोडलं. एरवी त्या बागेत पाऊल टाकायची मनाई होती. दगड ठेवले की पहारेकरी सगळ्यांना बाहेर काढायचे. सोमवारी पहाटे शेवटी आली ती बोरं विकणारी गौराक्का. तिने आपला फुटका पाटा झाडाच्या पूर्वेला ठेवला आणि वर बसली, ती उठेचना. वाड्यात गेलेली वस्तू परत येत नाही, असं तिचं म्हणणं. पहारेकरी थकले.

सकाळी महाराज आले आणि पाहतच राहिले. काळी बैठक होती तिथेच होती. पण तिच्या दोन्ही बाजूंनी दगडाला दगड लागत झाडाभोवती पुरं कडं झालं होतं.

"बैठक हलवायची नाही म्हणालात, महाराज," गेणू म्हणाला. "वाढवायची नाही असं नव्हतात म्हणाला. आता सावली कुठेही गेली तरी तुमच्याच बैठकीवर."

"आणि मी?"

"तुम्ही सावलीमागे सरकायचं. माझा दादा झोपेत सरकायचा. महाराज तर जागे आहेत."

महाराज कुरकुरत बसले. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग सावली पूर्वेला वळली, तिच्यामागे महाराज सरकले, आणि "आई गं!" करून उडालेच. सकाळपासून उन्हात पडलेला दगड तव्यासारखा तापला होता. नोकरांनी पाणी ओतलं. वाफ निघाली, महाराजांचं धोतर भिजलं आणि दगड तरीही गरम तो गरमच.

"हरलास," महाराज ओरडले. "ऊन मला लागलंच! वरून नाही, खालून!"

कुऱ्हाडवाला पुढे आला. गेणूचा हात झाडावर होता, तो त्याने काढला नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सरकार, माज्या पाट्यावर बसा की. सकाळधरनं मी हितंच बसलेय."

गौराक्का बाजूला झाली. महाराजांनी आधी बोट लावून पाहिलं, मग तळवा, मग बेतानं बसले. पाटा गार होता.

"हा कसा नाही तापला?"

गेणूला उत्तर तिथल्या तिथे सुचलं. "त्यावर माणूस होतं, महाराज. ऊन तिने अंगावर घेतलं. बागेचं दार लावून एवढ्या मोठ्या बैठकीवर तुम्ही एकटे बसाल, तर पुढचा दगड रोजच भाजणार. दार उघडा. लोक येऊन बसतील, तुमच्यासाठी जागा गार ठेवतील."

महाराजांनी पाट्यावर पुन्हा एकदा तळवा टेकवून पाहिला. मग त्यांना हसू फुटलं, आणि इतकं फुटलं की भाजलेलं नाक दुखायला लागलं तरी थांबेना. हसता हसताच त्यांनी दरवाजा सताड उघडायला सांगितलं, आपली पगडी काढून गेणूच्या डोक्यावर ठेवली आणि हैबतीची जागा त्याला दिली.

"आणखी काय हवं, माग."

"बंबासाठी लाकूड दुसरीकडचं घ्या," गेणू म्हणाला. "आणि या झाडाला हैबतीची बकुळ म्हणा."

"म्हटलं," महाराज म्हणाले.

दरवाजातून लोक आत येऊ लागले. जो तो आपापला दगड शोधू लागला. गौराक्का मात्र कमरेवर हात ठेवून अजून उभीच होती.

"सरकार, हसून झालं असंल तर जरा तिकडं व्हा. मलाबी सावली पायजे."

आणि महाराज सरकले.