सत्तावीस वर्षांचा पाहुणा

एकदा एका वृद्ध उपदेशकाला डोंगरातली वाडी सोडून परत येण्याचा निरोप आला. निरोप घेऊन त्याचाच जुना शिष्य जीपने आला होता. शिष्याचेही केस आता कानांजवळ पिकले होते आणि शहरातल्या चर्चचा कारभार तो पाहत असे. ‘आता तुमचं वय झालं, गुरुजी, आणि इथं तसं कोणी नाहीही,’ एवढेच तो बोलला. ते ‘कोणी नाहीही’ म्हणजे ख्रिस्ती झालेले कोणी नाही, हे म्हाताऱ्याला कळले.

हा उपदेशक एके काळी मोठा पंडित होता. धर्मविद्येच्या विद्यालयात तो हिब्रू आणि ग्रीक शिकवी. व्हरांड्याचा बंगला होता, नळाचे पाणी होते, पुस्तकांची स्वतंत्र खोली होती. ज्यांच्यापर्यंत प्रभूची वार्ता पोहोचली नाही त्यांच्याकडे आपण गेले पाहिजे, या एका तळमळीने हे सगळे सोडून तो पत्नीसह वाडीवर आला. कुडाचे दोन खोल्यांचे घर बांधले. तापाची औषधे दिली, पोरांना अक्षरे शिकवली, लोकांचे अर्ज लिहिले आणि दर रविवारी दारात बसून येशूची गोष्ट सांगितली. लोक येत, ऐकत, गोष्ट चांगली आहे म्हणत आणि गुरांकडे निघून जात. वर्षाच्या शेवटी तो शहराला पत्र लिही: याही वर्षी कोणाचा बाप्तिस्मा झाला नाही. अशी सत्तावीस पत्रे झाली. आठव्या वर्षी पत्नी तापाने गेली. घरामागच्या हिरड्याच्या झाडाखाली तिला पुरले. तेव्हापासून एकच प्रश्न त्याला आतून कुरतडत होता. आपल्याला खरोखर वरून बोलावणे आले होते, की तो आपल्याच मनाचा आवाज होता? एक माणूस मिळाला असता, फक्त एक, तरी उत्तर मिळाले असते.

निघण्याच्या आदल्या दुपारी सामान बांधणे चालले असताना धावजी आला. वाडीतला सर्वांत म्हातारा माणूस. त्याने मुंडासे सोडून हातात घेतले आणि उंबऱ्याजवळ उकिडवा बसला.

“पाद्रीबाबा,” तो म्हणाला, “माझं डोकं भिजवून घ्या.”

वाडीत बाप्तिस्म्याला ‘डोकं भिजवणं’ म्हणत; शिष्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. उपदेशक हातातली पुस्तके ठेवून उंबऱ्यापाशी आला. त्याने विचारले, “धावजीबाबा, येशूवर विश्वास बसला का तुमचा?”

“खोटं कशाला बोलू? त्याची माझी वळख न्हाई. तुमची हाय.”

मग धावजीने त्याला नीट समजावून सांगितले. पाहुणा रिकाम्या हाताने लावून देण्याची या वाडीत रीत नाही. पाद्रीबाबा उद्या शहरात जाणार, आणि पुढे केव्हातरी त्यांच्या देवाकडेही जाणार. तिथे विचारणा होईलच, इतकी वर्षे राहिलास, माणसे किती आणलीस? “एक तरी दाखवाय नको का? म्या जुना झालोय, पर कामाला येत आसंल तर न्या.”

उपदेशकाने त्याच्या हातातले मुंडासे घेतले, स्वतःच्या हातांनी ते त्याच्या डोक्याला गुंडाळले आणि म्हटले, “घरी जा, धावजीबाबा.” धावजीने मान हलवली. घेणार नाहीत हे जणू त्याला ठाऊकच होते.

तो दिसेनासा झाल्यावर शिष्याला राहवेना. सत्तावीस वर्षांत एक माणूस आपल्या पायांनी दारात आला, आणि गुरुजींनी त्याला परत धाडले. हे त्याच्या बुद्धीच्या पलीकडचे होते.

“तो प्रभूकडे आला नव्हता,” उपदेशक म्हणाला. “माझ्याकडे आला होता. त्याला माझी दया आली. दयेपोटी पुढे केलेल्या डोक्यावर मी पाणी ओतलं असतं, तर त्या पाण्याने माझा अहंकार तेवढा भिजला असता. माझ्या समाधानासाठी एका माणसाच्या आत्म्याचा उपयोग मी कसा करू?”

पुढच्या रविवारी प्रवचनात सांगण्याजोगे वाटून शिष्याने ते वाक्य खिशातल्या वहीत उतरवून घेतले. वृद्ध मात्र अस्वस्थ झाला. आपले बोलणे फारच नेटके झाले की त्याला त्याची शंका येई; ही त्याची जुनी खोड होती.

दोरीची गाठ मारता मारता शिष्याने सहज विचारले, “पण पाहुण्याला द्यायचंच होतं, तर दुसरं काही का नाही आणलं त्याने? तांदूळ, एखादी कोंबडी?”

“ते मी घेत नाही. सगळ्या वाडीला ठाऊक आहे,” उपदेशक म्हणाला, आणि आपणच उच्चारलेल्या शब्दांपाशी अडकला.

पहिल्या वर्षी बाया भोपळे घेऊन येत, सुपात तांदूळ आणत. तो हात जोडून परत करी. गरिबांच्या ताटातले आपण कमी करायचे नाही, असे त्याने पत्नीलाही बजावले होते. पाणीसुद्धा आपल्याच माठातले, उकळलेले. याला तो आपला त्याग समजत आला होता. बायांनी हळूहळू आणणे सोडून दिले.

“मी सगळं सुख सोडलं,” तो अगदी हळू म्हणाला, “पण देणाऱ्याची जागा सोडली नाही. ती तिथल्या बंगल्यापेक्षाही उंच होती. या माणसाजवळ मला देण्यासारखं, मी न नाकारलेलं, डोकं तेवढं उरलं होतं. आज तेही मी परत केलं.”

हे वाक्य शिष्याने वहीत उतरवले नाही.

सकाळी जीप निघण्यापूर्वी उपदेशक एकटाच धावजीच्या दाराशी गेला. काय विसरले, असे धावजीने विचारले. “जेवायचं राहिलंय,” उपदेशक म्हणाला.

धावजीने घटकाभर त्याच्याकडे निरखून पाहिले. मग आतून काल रात्रीची नाचणीची भाकरी आणली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि आपल्या घरच्या माठातल्या पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. उपदेशक भुईवर बसून खाऊ लागला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ते पुसले नाही.

“तुमच्या बाईंना बी ह्योच ठेचा लागायचा,” धावजी म्हणाला. “हितंच बसायच्या. सायबांना सांगू नगा म्हणायच्या.”

उपदेशकाने भाकरीचा पुढचा तुकडा ठेच्याला लावला. मग त्याने मान वर केली. काल तुम्ही जे म्हणालात, असे काहीतरी तो बोलू लागला. मी चुकलो असेन, एवढेच तो म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या आता,” धावजी समाधानाने म्हणाला. “तुमी खाल्लं की. रिकामं न्हाई चालला.”

आणि उरलेली अर्धी भाकरी त्याने फडक्यात बांधून दिली.

जीप घाट उतरली. गुरुजींच्या मांडीवरचे गाठोडे पाहून शिष्याने विचारले, धावजी काय म्हणाला?

“पाहुणा होतो,” उपदेशक म्हणाला. “जेवून निघालो.”

दुसऱ्याला प्रकाश द्यावा म्हणून जे घरदार सोडून निघतात, त्यांनी पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी दारात भुईवर बसावे आणि भाकरी मागावी. या म्हाताऱ्याने ती शेवटच्या दिवशी मागितली.