हातभर अंतर

"मग ते माझ्याच हातात का चालत नाहीत?" श्रीरंगने विचारलं.

अण्णा मल्लखांबाला एरंडेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मिरजेच्या त्या व्यायामशाळेत अण्णा लेले पन्नास वर्षं मल्लखांब शिकवत होते. श्रीरंग त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य, आता अठ्ठेचाळिशीचा. त्याची पकड जिल्ह्यात प्रसिद्ध होती. ती प्रसिद्ध आहे, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या वडलांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. व्यायाम शिकवायला मुल्ला मॅडम दर मंगळवारी घरी यायच्या. उरलेले सहा दिवस श्रीरंग करून घ्यायचा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, एकही खाडा नाही.

मॅडमबरोबर नाना पाच पावलं टाकायचे. मुलाबरोबर एकही नाही. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं त्यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दोन महिने उरले होते.

"कसं धरतोस?" अण्णांनी विचारलं.

हा प्रश्न श्रीरंगला आवडला. एक हात कमरेच्या पट्ट्यात, दुसरा काखेखाली, असं त्याने करून दाखवलं.

"एकदाही पडू दिलं नाही, अण्णा. तोल गेलेलासुद्धा कळत नाही त्यांना."

"कळत नाही..."

"कसा कळेल? पकड कुणाची आहे?"

मॅडम कशा धरतात, असं अण्णांनी विचारलं. त्या कसल्या धरतात, श्रीरंग म्हणाला. शेजारी उभ्या राहतात, हात नुसता जवळ. मलाही तसंच करायला सांगतात. त्यांचं काय जातं, वडील माझे आहेत.

अण्णांनी हात पुसले.

"चढ. दसरंग कर."

दसरंग म्हणजे अंग उलटं टाकून पायांनी खांब धरायचा. मल्लखांबाचा पहिला धडा.

"वय झालं, अण्णा."

"वय माझं झालं. तू चढ."

श्रीरंगने खांबाला हात लावून नमस्कार केला, उडी घेतली आणि अंग टाकणार, तोच कमरेवर दोन हात आवळले. अण्णांचे. एकोणऐंशीचे हात, पण सुटेनात. श्रीरंगचे पाय वर जाईनात.

"हात काढा, अण्णा."

"पडशील."

"नाही पडणार. सोडा. मला अंगच टाकता येत नाहीये."

अण्णांनी सोडलं नाही.

"नाना हेच रोज सांगत असतील तुला," ते म्हणाले. "त्यांना बोलता येत नाही, एवढंच."

...

श्रीरंग खाली उतरला. सदऱ्याला तेल लागलं होतं. ते तो उगाचच पुसत राहिला.

व्यायामशाळेचा एक जुना रिवाज होता. नवख्याने सहा महिने चढायचं नाही. खांबाखाली हात पसरून उभं राहायचं, चढणाऱ्याला झेलायला. श्रीरंगने पहिल्याच आठवड्यात अशी उडी मारली, की अण्णांनी ते सहा महिने त्याला माफ केले होते.

"चूक माझी," अण्णा म्हणाले. "खाली उभं राहायला तुला शिकवलंच नाही."

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मला तरी कुठे आलं... हिला मी अकरा महिने धरूनच ठेवलं होतं."

भिंतीवरच्या खुंटीला अण्णांच्या बायकोची, काकूंची, काठी अजून अडकवलेली होती. तिचं रबरी बूड झिजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, नानांचा व्यायाम झाला की, जिल्ह्याचा विजेता नवख्यांच्या रांगेत उभा राहू लागला. काका, तुम्ही नापास झालात का, असं एका मुलीने विचारलंच.

"हो," तो म्हणाला. "निकाल उशिरा लागला."

वर कुणाचा पाय जरा सरकला, की त्याचे हात पुढे झेपावायचे. अण्णा छडीने ते हातभर मागे सारायचे.

मंगळवारी मॅडमनी त्याला नानांच्या उजवीकडे उभं केलं. झोक गेलाच तर कुठे आणि कसं झेलायचं, ते पुन्हा दाखवलं. या वेळी त्याने ते नीट पाहिलं.

दीड महिन्यानंतर एका रविवारी व्यायामशाळेच्या दारात रिक्षा थांबली.

दारापासून खांबापर्यंत अठरा पावलं. मुली खांबावरून उतरून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. नाना निघाले. श्रीरंग उजवीकडे, अर्धं पाऊल मागे. हात उघडे, कुठेच न टेकलेले.

सातव्या पावलाला नाना डुलले.

श्रीरंगच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या. हात होता तिथेच राहिला.

...

नानांनी स्वतःला सावरलं. आठवं पाऊल टाकलं.

खांबापाशी येताच त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि खांबाला टेकवला. मग मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. ती मान श्रीरंगचीच होती, चषक घेतानाची.

आता अण्णा त्यांना शाबासकी देणार, असं सगळ्यांना वाटलं. श्रीरंगलाही.

अण्णा उठून नानांपाशी आले.

"नाना," ते म्हणाले, "तुमचा मुलगा उभा राहायला शिकला."