भरलेली बरणी

फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक नामांकित वैद्य राहत होता. त्याच्या हातून आजवर एकही रोगी मेला नाही, असं गाव छाती फुगवून सांगे.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ही कीर्ती कशी मिळाली तेही ऐका. रोगी वाचणार नाही असं दिसलं, की वैद्य त्याच्या अंगणात आपला खल उपडा घाली, मग तो उचलून निघून जाई. त्यानंतर त्या घरासाठी औषध खलायचं नाही, असा रिवाज होता. मरणाऱ्याला औषध दिलं की औषधाचा गुण जातो, असं सगळे मानत. पुढे तो माणूस मरे, पण वैद्याच्या हातून नव्हे!

त्या गावात टोपल्या विणणारी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या पोटात गाठ झाली. वैद्य आला, पोट दाबून पाहिलं आणि खल उपडा घातला.

कळा वाढत गेल्या. ती हसरी, तोंडाळ बाई पदर तोंडात कोंबून गुरासारखी हंबरू लागली. भाऊ वैद्याकडे धावला.

"वैद्यबुवा, कळा थांबवायचं औषध द्या."

"अरे, ती जगायची नाही."

"ते कळलंय मला. जगवा म्हणत नाही. तिचं दुखणं थांबवा म्हणतोय."

"जाणाऱ्या माणसावर औषध नासायचं? उद्या कुणाचा पाय मोडला तर काय देऊ? जा, तिला देवाचं नाव घ्यायला सांग."

"दातखीळ बसलीय तिची. नाव कुठून घेईल?"

वैद्याने दार लावून घेतलं.

भावाचं डोकं फिरलं. तो घरी गेला, बहिणीला पाठुंगळी घेतलं आणि वैद्याच्या ओसरीवर आणून निजवलं.

लोक जमले. पाटील ओरडला, "लाज वाटत नाही? मोठ्या माणसाच्या दारात तमाशा मांडलास?"

"आमच्या घरात तो कधीचा चाललाय, पाटील. तेव्हा बरी तुम्हाला झोप लागत होती!"

अशा कळांचं ओरडणं वैद्याने कधी ऐकलंच नव्हतं. कळा वाढण्याआधीच तो निघून गेलेला असे. आता जेवायला बसला तर घास तोंडात फिरू लागला. दुपारी दुसरे रोगी आले आणि तो आवाज ऐकून आल्या पावली परतले. शेवटी त्याने फडताळातून बरणी काढली, औषध खललं आणि तिच्या दातांच्या फटीतून चाटवलं. दया आली म्हणून नव्हे. आवाज बंद व्हावा म्हणून.

थोड्या वेळाने बहिणीची दातखीळ सुटली. तिने डोळे उघडून भावाकडे पाहिलं.

"किती वाळलास रे! जेवतोस की नुसता भांडतोस?"

मग तिने आंबील मागितली. केस विंचरून घेतले.

"माझ्यामागे टोपल्या तू विणणार? तुझ्या टोपलीतून भोपळासुद्धा गळतो."

भाऊ तिला घेऊन हलायला तयार नव्हता, म्हणून औषध चालू राहिलं. एके सकाळी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, बोलता बोलता ती गेली. त्याच दिवशी एका लाकूडतोड्याचा पाय मोडला. त्याच बरणीतलं औषध दिलं आणि त्याची कळ थांबली. गुण कुठेही गेला नव्हता.

भाऊ वैद्यासमोर उभा राहिला.

"बरणी भरलेली होती. माझी बहीण पदर चावत होती, तेव्हा ती इथे भरलेली होती."

तेवढ्यात अंगणात जमलेल्या गर्दीतून एक कुंभारीण पुढे आली.

"माझा धनी भिंतीवर डोकं आपटत गेला. तेव्हाही भरलेली होती का?"

"आणि माझी लेक गेली तेव्हा?" एका मेंढक्याने विचारलं.

पाटलाने डोक्यावरचं पागोटं उतरवलं. त्याची आईही तशीच गेली होती.

त्याच दिवशी गावाने तो रिवाज मोडला. ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय त्याच्या घरी वैद्याने आधी जायचं आणि शेवटपर्यंत जात राहायचं, असं ठरलं. वैद्यही मुकाट्याने जाऊ लागला. पण ज्यांची माणसं ओरडत मेली होती, ते त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. का बोलावं?

तात्पर्य: मरण थांबवता येत नाही म्हणून कळाही थांबवायच्या नाहीत, असं म्हणणारा कितीही शहाणा असला तरी निर्दयीच.