तरवलीचा खोडीचा दिवस

कांडवी नदी समुद्राला मिळण्याआधी शेवटचं मोठं वळण घेते, तिथे डाव्या काठावर आमचं तरवली गाव आहे. इथे नवी होडी आली, मग ती मासेमारीची असो की पर्यटकांना फिरवायची, तरी ती थेट पाण्यात सोडत नाहीत. एक अख्खा दिवस ती वाळूवर उभी ठेवतात आणि सारं गाव तिच्याभोवती जमून तिच्या खोडी सांगतं. दिसण्यातली, चालण्यातली, जी ज्याला खटकेल ती. मालकाने हात जोडून ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. याला आम्ही खोडीचा दिवस म्हणतो.

बाहेरच्या माणसाला हे पचत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गृहस्थांनी नदीत सहली काढण्यासाठी एक दुमजली होडी आणली होती. सगळीकडे काचा, वर रंगीत छत आणि पुढे हंसाची भलीमोठी मान. त्यांना वाटलं, गाव हार घेऊन येईल. गाव आलं ते रिकाम्या हाताने.

“काय गं बाई ही मान! बगळ्याला गलगंड झालाय जसा,” शेवंताकाकू म्हणाल्या. त्या मासळी विकतात आणि कोणाची भीड ठेवत नाहीत.

“मानेचं सोडा काकू,” इंजिनं दुरुस्त करणारा गफूर म्हणाला, “मागचं इंजिन बघा. हत्तीला ओढायला शेळी जुंपलीय. ओहोटीच्या धारेत ही वळायची नाय, नुसती वाहत जायची.”

“आणि दोन मजले काचेचे,” एक म्हातारा खलाशी म्हणाला. “वारा भरला तर काय करणार? शीड असतं तर उतरवलं असतं, मजला कुठे उतरवता?”

“संडास पुढे केलाय,” शाळेतली एक मुलगी म्हणाली. “वास सगळा मागे बसणाऱ्यांना.”

लोक हसले. गृहस्थांचा चेहरा लाल झाला. “पाहुण्याचं स्वागत असं करतात का तुमच्याकडे?” त्यांनी धाकूनानांना विचारलं. धाकूनाना म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे तांडेल, ऐंशी ओलांडलेले, पिढ्यान्‌पिढ्या सुकाणू धरणाऱ्या घरातले. नाना म्हणाले, “बसा साहेब. आधी ऐका, मग रागवा.” आणि त्यांनी जे सांगितलं ते पुढे देतो आहे. त्या गृहस्थांनी नंतर वरचा मजला आपणहून काढून टाकला, एवढं इथेच सांगून ठेवतो.

फार पूर्वी, म्हणजे किती पिढ्यांपूर्वी ते कोणालाच नक्की ठाऊक नाही, तरवलीत नेमकी उलटी रीत होती असे सांगतात. नवी होडी म्हणजे नवी नवरी. तिला पाणी लागेपर्यंत कोणी वावगा शब्द काढायचा नाही, काढला तर दृष्ट लागते, अशी समजूत होती. सुताराने शेवटचा खिळा ठोकला की गाव यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि प्रत्येकजण एकेक चांगला शब्द बोलून जायचा. ज्याला चांगलं काही सुचत नसे तो नुसता नमस्कार करी.

त्या काळी गावचे वतनदार होते नरसोजी देसाई. लोकांना छळणारा माणूस नव्हता तो. दुष्काळात त्याने स्वतःचं कोठार उघडलं होतं, असं म्हणतात, आणि त्यामुळे लोक त्याला घाबरत नसत, जपत. त्याला एकच मुलगी होती, यमू. नवव्या वर्षी तिला मोठा ताप आला. नरसोजीने नवस बोलला: पोर वाचली तर तिला घेऊन नदीच्या मुखावरच्या मुखाई देवीची ओटी भरीन. पोर वाचली. पण तिच्या पायांतली शक्ती गेली ती परत आली नाही.

नवस तर फेडायचा होता. पालखीतून न्यावं तर मधे दोन खाड्या आणि चिखल. होडीतून न्यायचं ठरलं तेव्हा यमू म्हणाली, “बाबा, होडीत निजवलं की मला आभाळच दिसतं. मला नदी बघायचीय.”

कांडवीच्या दोन्ही काठांना पुरुषभर उंचीचं कांदळवन आहे. साध्या होडीत ताठ बसलेल्या माणसालाही पलीकडची गावं दिसत नाहीत, मग निजलेल्या पोरीला काय दिसणार? म्हणून नरसोजीने बाबल मेस्त्रीला बोलावलं. या नदीवर त्याच्याइतका जाणता होडी बांधणारा दुसरा नव्हता. नरसोजीने त्याला सांगितलं, होडीवर माडी बांध, माडीवर पलंग मांड, पलंगावरून पोरीला थेट समुद्रापर्यंत दिसलं पाहिजे.

बाबलला पहिल्याच दिवशी कळलं होतं, असे सांगतात. उथळ नदीची होडी, तळ चपटा, त्यावर माडी आणि माडीवर माणसं. पण तो पायांनी अधू पोरीकडे बघत होता आणि बापाच्या तोंडाकडे बघत होता. तळाशी दगड भरू, निभावून जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि कामाला लागला.

पावसाळा संपल्यावर होडी उभी राहिली. तशी होडी या पाण्यावर कोणी पाहिली नव्हती. सागाची माडी, चारी बाजूंना नक्षीचे खांब, पुढे मोराचं तोंड, उंडीच्या तेलाने चकाकणारं अंग. गाव जमलं. जो तो रीतीप्रमाणे बोलला. कोणी म्हणालं, इंद्राचा रथ आहे. कोणी म्हणालं, देवीलाच हिच्यात बसावंसं वाटेल. नरसोजीचे डोळे भरून आले होते.

भागी त्या गर्दीत होती. ती हिरू तांडेलाची बायको, आणि होडी हिरूच चालवणार होता. घरी येताच ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, ती होडी हाय की डोक्यावर तीन हंडे घेतलेली बाई? ठेच लागली तर काय व्हईल?”

“गप बस,” हिरू म्हणाला. “अजून पाणी लागलं नाय तिला.”

“पाणी लागल्यावर बोलाल ना पण?”

“बोलीन.”

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. आता बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. हिरूने चार खलाशी घेऊन तिला वळणापर्यंत नेऊन आणलं. सुकाणू ओढलं तरी ती आधी सरळच जाई, मग कुठे वळे, आणि वळली की एका अंगावर इतकी कलंडे की वल्ही मारणारे वल्हं टाकून खांबाला धरत. एक खलाशी म्हणाला, “तांडेल, ही बाई नटूनथटून आलीय, पण घरकामाची नाय.” हसत हसतच म्हणाला, पण बोटं खांबावरून काढली नाहीत.

हिरू तसाच ओल्या कपड्यांनी देसायाच्या अंगणात गेला. तो सांगायलाच गेला होता. नाना हिरूच्याच घराण्यातले; त्यांच्या घरात आजही हे ठासून सांगतात, की तो सांगायलाच गेला होता. अंगणात यमूला उशीला टेकवून बसवलं होतं आणि देवीच्या ओटीचं खणनारळ तिच्या मांडीवर होतं. नरसोजी धावत पुढे आला.

“आलास? कशी आहे रे?”

हिरूने पोरीकडे पाहिलं. “गुणाची हाय धनी,” तो म्हणाला.

मग म्हणाला, “पण वारा नसेल त्या दिवशी निघू. आणि माडीवर माणसं थोडी घेऊ.”

“तू म्हणशील तसं,” नरसोजी म्हणाला. “तुझी बायजी येईल ना यमूच्या सोबतीला? दोघी माडीवर बसतील, गप्पा मारतील.”

बायजी म्हणजे हिरूची मुलगी, यमूच्याच वयाची. हिरू म्हणाला, “येईल की.”

पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस ठरला. सकाळी वारा पडलेला होता, नदी ताटासारखी. निघताना हिरूने देसायाला सांगितलं, बायजीचं पोट दुखतंय, ती नाही येत. यमूचं तोंड उतरलं, तेव्हा तिची आत्या आणि दोन चुलतबहिणी माडीवर चढल्या. मग पुजारी चढला. मग वाजंत्री चढले, कारण नवसाला वाजत गाजत जायचं होतं. हिरूने माडीवरची डोकी मोजली आणि दोर सोडायला घेतला. सगळी माणसं आनंदात होती.

ओहोटीबरोबर होडी निघाली. यमू पलंगावर उशांना टेकून बसली होती आणि कांदळवनाच्या वरून तिला भाताची खाचरं, माडाची राने, लांबवर समुद्राची रेघ दिसत होती. ती प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होती आणि बाप सांगत होता. तेवढा वेळ तरी नवस फळला होता, असं नाना म्हणतात.

वळण ओलांडलं की पलीकडच्या काठाला आगरवाडी आहे. तिथल्या लोकांनी अशी होडी कधी पाहिली नव्हती. अख्खी वाडी पाण्याशी धावली, बाया ओवाळायला तबकं घेऊन आल्या, पोरं ओरडू लागली. माडीवरची माणसं त्यांना बघायला उजव्या कठड्याशी गेली. आत्या गेली, बहिणी गेल्या, वाजंत्री वाजवत वाजवत गेले. यमू म्हणाली, मलाही, आणि नरसोजीने तिला उचलून घेतलं आणि तोही गेला.

हिरू सुकाणूवरून ओरडला, “मागं फिरा! मागं!” पण सनई वाजत होती.

होडीने वेळ लावला नाही. मोराचं तोंड आधी पाण्यात गेलं, मग माडी, मग तळाचे दगड एकदम उजवीकडे सरकले. आगरवाडीच्या बायका हातात तबकं धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर होडी पालथी झाली.

नरसोजी वाचला. त्याच्या हातातून पोर सुटली होती. हिरू वाचला. यमू धरून नऊ माणसं गेली. ओहोटी संपून भरती लागली म्हणून प्रेतं समुद्रात गेली नाहीत, दिवस कलायच्या आत सगळी वर काढून तरवलीच्या वाळूवर ओळीने ठेवली.

नरसोजी त्या ओळीशी बसला होता. तो रडत नव्हता, म्हणे. बऱ्याच वेळाने त्याने बाबल मेस्त्रीला विचारलं, “तुला दिसलं नव्हतं का?”

बाबल म्हणाला, “दिसलं होतं. माडी जड झाली होती.”

मग नरसोजीने शेजारच्या परटाला विचारलं. परीट म्हणाला, मला वाटलं होतं की तळ अरुंद आहे. कुंभार म्हणाला, मी तिला मडक्यासारखं डोळ्यांनी तोललं होतं, ती बसत नव्हती. एक खलाशी म्हणाला, ती वळत नव्हती. एक म्हातारी म्हणाली, मला काही कळत नाही, पण तिला बघून चांगला शब्द सुचेना, म्हणून मी नुसता नमस्कार केला होता. मग कोणाला विचारावं लागलं नाही. प्रेतांच्या ओळीसमोर उभं राहून सारं गाव एकेक करून बोललं. जे इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. एकही माणूस असा निघाला नाही ज्याला काहीच दिसलं नव्हतं.

शेवटी नरसोजी हिरूकडे वळला.

“तुझी बायजी येणार होती.”

“व्हय धनी.”

“कुठाय ती?”

“घरी.”

“पोट दुखत होतं तिचं?”

गर्दी मागे सरली. भागी पदर तोंडात कोंबून उभी होती.

“हिरू, दुखत होतं का?”

“नाय धनी,” हिरू म्हणाला.

लोकांना वाटलं, देसाई आता याचा जीव घेईल. हिरूलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि तो तसाच थांबला. नरसोजी उठला आणि हिरूच्या घराकडे चालू लागला. पाठीमागे सारं गाव. अंगणात बायजी एकटी सागरगोटे खेळत होती. नरसोजी तिच्यासमोर जमिनीवर बसला. अंधार पडेपर्यंत तो तिच्याकडे नुसता बघत बसला होता, असे सांगतात. पोर घाबरली नाही. तिने त्याला विचारलं, “यमूला समुद्र दिसला का?”

“दिसला,” नरसोजी म्हणाला.

बाराव्या दिवसानंतर त्याने गाव बोलावलं. शिक्षा कोणालाच केली नाही. तो म्हणाला, प्रेतांसमोर जे बोललात ते यापुढे होडीसमोर बोलायचं, तिला पाणी लागायच्या आधी. मालक कोणीही असो, त्याचं मन राखायचं नाही. मग त्याने हिरूला पुढे बोलावलं आणि सांगितलं, “मी तुला विचारलं होतं, तू तोंडाने सांगितलंस. आता तोंडाने सांगायचं नाही.”

हिरूने त्यानंतर सुकाणू धरलं नाही. पण प्रत्येक नव्या होडीच्या खोडी सांगायला तो पहिला येई. त्याच्या घरातल्या पुढच्या पुरुषांनी सुकाणू धरलं, ते देसायाने घालून दिलेल्या त्या एका अटीवर.

काही शिकलेली माणसं म्हणतात, या रीतीचं आता काय काम, होड्या तपासायला कागदपत्रं आहेत, शिक्के आहेत. असू देत, आम्हालाही ते हवेत. पण कागदावर सही करणारा माणूस त्या होडीत आपलं लेकरू बसवत नाही.

आजही खोडीचा दिवस संपत आला, सगळ्यांचं बोलून झालं, की मालक तांडेलासमोर येतो आणि एकदाच विचारतो, “कशी आहे?” तांडेल उत्तर देत नाही. तो गावाकडे तोंड करून आपल्या मुलीला हाक मारतो. तिला होडीत बसवून तो पहिली फेरी मारून येतो आणि मग ती होडी इतरांची होते. ज्या दिवशी तो हाक मारत नाही, त्या दिवशी होडी वाळूवरच राहते आणि कोणी कारण विचारत नाही. लोक पाय झाडून उठतात आणि घरी जातात.